गोदाची मान

मांजर कधी देवभक्त होत नाही, हे मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. पण मला विचारतंय कोण! मी डॉक्टरची बायको खरी, पण गुरांच्या डॉक्टरची. आमच्या आळीत माणसांच्या डॉक्टरीणबाईंना हळदीकुंकवाला पाट मिळायचा आणि मला सतरंजीचा कोपरा. त्यामुळे माझं म्हणणं लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि मग आपल्याला हवं तेच करायचे. वेळणेश्वरहून लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हापासून हे असंच चाललंय.

आमचे हे, चारुदत्त, सरकारी गुरांच्या दवाखान्यात होते. दिवसभर म्हशी आणि बैल, आणि संध्याकाळी घरी आले की आमच्या पायऱ्यांवर कुत्री-मांजरं. ही गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची. तेव्हा कुत्र्यांसाठी वेगळा डॉक्टर असतो हे आमच्याकडे कुणी स्वप्नातसुद्धा ऐकलं नव्हतं. आणि इथली कुत्री तरी कशी, तर पेजेवर वाढलेली. सकाळी पेज, दुपारी ताकभात, रात्री उरलंच तर आमटीचं पाणी. मग केस झडायचे, पाय फेंगडे व्हायचे, पिल्लं उभी राहीनात. हे त्यांना जीवनसत्त्वाची इंजेक्शनं द्यायचे. त्या पिवळ्या औषधाचा वास यांच्या बोटांना असा चिकटायचा की साबणाने जात नसे आणि चिंचेनेही जात नसे. जेवताना मी यांच्यापासून हातभर लांब पाट मांडायची.

सुई मारणं सोपं हो, सांगणं कठीण. ‘तुमच्या कुत्र्याला पोषण कमी पडतंय’ असं रत्नागिरीच्या माणसाला सांगून बघा एकदा. म्हणजे काय, आम्ही त्याला उपाशी मारतो? आमच्या घरात खायला नाही? एका आंबेवाल्या बागायतदाराने एवढ्यावरून आमच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि त्या मोसमात आमच्याकडे आंब्याची पेटी आली नाही. तेव्हापासून हे शहाणे झाले. कुठलंही जनावर आलं की गंभीर चेहरा करून म्हणायचे, “हवा बाधली आहे.” हवेला कुणाचा राग येत नाही. मग सुई द्यायची, आणि जाता जाता हळूच सांगायचं की हवा बाधली की अंडं बरं पडतं.

आता मालिनीबाईंचं सांगते. त्यांचं घर आमच्या गडग्यापलीकडे. गडगा म्हणजे काय, चिऱ्यांची कमरेएवढी भिंत. अलीकडे आमटी ढवळली तर पलीकडे कळतं. मालिनीबाई शाळेत शास्त्र शिकवायच्या, रिटायर झालेल्या. अर्ध्या रत्नागिरीचे कान त्यांनी धरलेले, त्यात यांचाही होता. हे चाळिशीला आले, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी मालिनीबाई समोर आल्या की सदऱ्याचं वरचं बटण लावायचे. बाईंचे यजमान कधीच गेलेले, मूलबाळ नाही. घरात त्या आणि त्यांची मांजर गोदा.

गोदाचं कौतुक काय सांगावं! पांढरीशुभ्र, फक्त एका कानावर तपकिरी डाग. बाई तिला दूधभात कालवून, वर साजूक तूप सोडून घालायच्या. एकादशीला वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. मांजराने दाण्याची आमटी चाटलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे, तेव्हा खोटं म्हणू नका. “आमची गोदा मासे हुंगतसुद्धा नाही,” असं बाई येईल त्याला सांगायच्या. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात त्या गोदाला येऊ देत, मला नाही.

आणि खरं काय होतं ते सगळ्या आळीला ठाऊक होतं. दुपारी बाईंचा डोळा लागला की गोदा मागचा गडगा उडी मारून काशीकडे जायची. काशी कुणब्याची. नवरा मुंबईला गिरणीत, आणि ही इथे मागच्या घराच्या पडवीत भाड्याने राहून दोन-चार घरची कामं करायची. पाणी भरायला मालिनीबाईंच्याच विहिरीवर यायची. तिच्याकडे गोदाचं नाव वाघी. वाघी म्हटलं की ही धावत जायची आणि माशांची डोकी कुडूमकुडूम चावायची. परत आली की गोदा होऊन तुळशीपाशी पाय चाटत बसायची. बाईंना कुणी सांगितलं नाही. कशाला सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या वर्षी नवरात्र संपलं आणि बंदरावर तारली मासळी अशी आली की विचारू नका. लोकांनी खाल्ली, खारवली, वाळवली, आणि उरलेली माडांच्या बुंध्यात खत म्हणून पुरली. सगळ्या गावाला वास. काशीकडे टोपल्याच्या टोपल्या यायच्या. वाघीला पोटभर मिळायची, रोज, कच्चीच. मग दूधभाताला कोण विचारतो? ताटली तशीच राहायला लागली. बाई म्हणाल्या, कार्तिक लागलाय, गोदाने व्रत धरलेलं दिसतं.

त्यांना ते खरंच वाटलं, आणि पुढे जे झालं त्याने आणखीच खरं वाटलं. कार्तिकात बाईंच्या घरी पहाटे काकडा व्हायचा. काकडा म्हणजे त्या एकट्या आणि त्यांची झांज. एका पहाटे गोदा देवघरासमोर येऊन बसली आणि तिने मान खाली घातली. हनुवटी पार छातीला टेकलेली. आरती संपली तरी मान खालीच. दुसऱ्या दिवशीही तेच. बाईंनी विहिरीवर आळीतल्या विमलाला सांगितलं, आणि विमलाला सांगितलं म्हणजे दवंडीवाल्याचा खर्च वाचला.

संध्याकाळपर्यंत आळी लोटली. रिटायर झालेले पोस्टमास्तर हरिश्चंद्रपंत आले, चष्मा पुसून त्यांनी गोदाकडे नीट पाहिलं आणि निकाल दिला की हा जीव मागच्या जन्मी कुणी तरी जपाला बसलेला होता, जप अर्धा राहिला, तो आता पुरा चालला आहे. पोस्टात एवढी वर्षं काढलेला माणूस; त्यांच्या तोंडून आलं की लोकांना शिक्का मारल्यासारखं वाटायचं. कुणी तरी गोदाच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. मान खालीच असल्यामुळे ती सारखी सुटून पडायची, आणि बायका आळीपाळीने पुन्हा घालायच्या. आळीत एकच टीव्ही होता. रविवारी तिथे बसणारं सगळं माणूस आता मालिनीबाईंच्या ओटीवर. मला आधी हसू आलं, मग रागही आला.

पण खोटं कशाला बोलू? बाईंकडे पाहून बरंही वाटलं. एरवी त्यांच्या फाटकापुढून पोरं पळत जायची, न जाणो पाढे विचारतील म्हणून. आता माणसं येऊन बसत होती, ‘बाई, बाई’ करत होती. त्या सुंठवडा वाटत होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं बोलताना पाहिलं नव्हतं.

हे तेव्हा केळशीकडे लाळखुरकुताच्या लसी टोचायला गेलेले. परत आले तेव्हा मी चहाबरोबर हसत हसत सगळं सांगितलं. हे हसले नाहीत. कप तसाच ठेवला आणि चपलासुद्धा न घालता गडग्यापलीकडे गेले.

मीही मागोमाग गेले. यांनी उकिडवं बसून गोदाचे डोळे पाहिले. भर उजेडात बाहुल्या काळ्याभोर आणि मोठ्या. तिला दोन पावलं चालवलं तर मागचे पाय एकमेकांत अडकले आणि ती कुशीवर पडली. बायका म्हणाल्या, लोटांगण घातलं बघा. काही खाते का, असं यांनी विचारलं. बाईंनी अभिमानाने सांगितलं की काही नाही, कडक उपास चालू आहे. हे उठून घरी आले.

“हेमा, हे मांजर वाचत नाही,” हे म्हणाले. “आता झटके येतील, आणि मग संपलं.”

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. कच्च्या तारलीत असं काही तरी असतं की ते पोटात जाऊन ब जीवनसत्त्वच खाऊन टाकतं. रोज कच्ची तारली खाल्ली की मांजराचा मेंदू उपाशी पडतो आणि मानेतला जोर जातो. नमस्कार नाही, व्रत नाही. ते पोर मान उचलूच शकत नव्हतं. वेळेवर इंजेक्शन दिलं तर उद्या-परवा मान वर येईल. मी म्हटलं, मग द्या की! तर म्हणाले, नुसतं देऊन काय उपयोग, कच्चे मासे बंद नाही झाले तर पुन्हा तेच. म्हणजे मालिनीबाईंना सांगायला हवं. एवढं बोलून यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. बाई समोर नव्हत्या तरी.

दुसऱ्या दिवशी हे गेले आणि नेहमीची हवा काढली. म्हणाले, गोदाला हवा बाधली आहे, दोन सुया देतो. ओटीवर पंत, विमला, आणखी दहा जणं बसलेली. मालिनीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“कसली हवा, चारू? हवेने मान कशी वाकते ते सांग.”

झालं. पुन्हा सातवीचा वर्ग. हे अडखळले, घाम आला, आणि भलत्या वेळी खरं बोलून गेले. कच्ची तारली, असं सगळ्यांच्या देखत म्हणाले. बाईंचा चेहरा पांढरा पडला. तू गुरं बघतोस ती बघ, एवढंच म्हणून त्यांनी फाटकाकडे बोट केलं. विमलाने मला विहिरीवर गाठून सुनावलं की सात्त्विक जिवावर असा आळ घेणं डॉक्टरांना शोभलं नाही. मी तिला काय सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

रागाच्या भरात मी तशीच काशीकडे गेले. तिचा काही दोष नव्हता, पण राग कुठे तरी जायला हवा ना. काशी घाबरलीच. म्हणाली, “मांजराला कोन शिजवून घालतंय, वयनी?” खरंच होतं ते. जगात कुणी घालत नाही. मी म्हटलं, बाईंना जाऊन सांग की ती तुझ्याकडे येते. तिने नुसती मान हलवली. विहीर बंद झाली तर पाणी कुठून भरणार होती ती?

घरी येऊन मी यांच्यावर घसरले. म्हटलं, दुपारी बाई झोपल्या की गडग्यावरून जा आणि टोचून या, कुणाला कळतंय! हे म्हणाले, दुसऱ्याच्या जनावराला विचारल्याशिवाय सुई लावणार नाही. तत्त्व! मांजर मरतंय आणि यांचं तत्त्व. पण काचेची पिचकारी आणि बारीकातली बारीक सुई यांनी उकळून डब्यात घालून ठेवली, आणि ताटावर बसून नुसता भात चिवडला. बाईंचं एवढं एकच सोबतीचं जनावर, तेही आपल्या तोंडच्या एका वाक्यापायी जाणार, हे यांना गिळवत नव्हतं.

पुढच्या दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. दारात मालिनीबाई. त्या मागच्या दाराने कधी येत नसत. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गोदा गुंडाळलेली, डोकं खाली लोंबत होतं.

“चारू, मी तिला देवाकडे पाठ करून बसवलं,” त्या म्हणाल्या. “मान खालीच. चुलीसमोर बसवलं. खालीच. मग न्हाणीत मोरीसमोर नेऊन बसवलं.” त्यांनी गोदाचं लोंबतं डोकं तळहातावर घेतलं. “मोरीलाही नमस्कार घातलान तिने.”

मला तर कुठे बघावं तेच कळेना. सगळी आळी ओटीवर हात जोडून बसलेली, आणि ही बाई एकटी दुपारी आपलं मांजर खोलीखोलीतून फिरवून खरं काय ते बघत होती. मोरीपाशी बसून तिला काय वाटलं असेल!

“टोच,” बाई म्हणाल्या. “दुखेल?”

“झोंबेल थोडं.”

मी मागचे पाय धरले, बाईंनी डोकं. यांनी मांडीचे केस बाजूला करून सुई घातली. अंगात एवढा अशक्तपणा, तरी त्या औषधाचा चटका लागला तशी गोदा किंचाळली आणि बाईंच्या मनगटावर लांब ओरखडा काढलान. रक्त आलं. बाई म्हणाल्या की अजून जोर आहे हो, आणि चक्क खूश झाल्या. तेवढ्यात पुढच्या दारी हरिश्चंद्रपंत. नाचणे गावाहून मंडळी दर्शनाला रिक्षा करून आली आहेत आणि गोदा ओटीवर नाही, म्हणून शोधत आलेले. मागे सगळा घोळका.

मालिनीबाई पदराने मनगट दाबत पुढच्या दारी गेल्या. वर्गात बोलायच्या तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “गोदा आजारी आहे. ती कच्चे मासे खाते, त्याने तिला आजार झालाय. डॉक्टर औषध देतायत. आता दर्शन नाही.” आणि आत येऊन पुन्हा गोदाचं डोकं मांडीवर घेतलंन. ज्या तोंडाने ‘हुंगतसुद्धा नाही’ म्हणून आळीभर सांगितलं, त्याच तोंडाने हे सांगायचं म्हणजे काय असतं ते सांगून कळायचं नाही.

रात्रभर गोदा आमच्याकडेच होती, आणि बाईही. सकाळी मी दार उघडलं तर टोपलीत निजवलेल्या गोदाची मान अर्धी वर. यांनी दुसरी सुई दिली. संध्याकाळी तिने मान पुरी उचलून माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या घरात हिचं काय काम. हे एवढे खूश झाले की स्वतःच उठून चहा केला. चहालाही औषधाचा वास येत होता, पण मी बोलले नाही. आणखी काही दिवस सुया झाल्या आणि गोदा गडग्यावर चढून बसायला लागली.

आळीची मात्र निराशा झाली. हरिश्चंद्रपंतांनी नवा निकाल दिला की डॉक्टरांनी सुईने मांजराची पुण्याई ओढून घेतली. विमला म्हणाली, तरी मला वाटतच होतं काही तरी. माणसं टीव्हीकडे परत गेली. बाईंची ओटी पहिल्यासारखी रिकामी, पोरं फाटकापुढून पुन्हा पळायला लागली.

पण गोदाचा प्रश्न राहिलाच. बाईंनी तिला कोंडून ठेवलं, दूधभात पुढे ठेवला. ती तोंड लावीना. दिवसभर मागच्या दाराशी ओरडायची. शेवटी बाईंनी यांना विचारलं. हे म्हणाले, आता हवेचं नाव घेत नाही, खरंच सांगतो. मांजर नुसत्या दूधभातावर जगत नाही, त्याला मासळी लागतेच. मात्र उकडून. उकळलं की तारलीतला तो दोष मरतो. मी मध्येच म्हटलं की काशीला सांगू, ती उकडून घालील. बाईंनी काशीचं नाव ऐकलं आणि तशाच उठून गेल्या. माझ्याच तोंडून काशीचं गुपित फुटलं होतं. आता काशीची विहीर बंद होणार, दुसरं काय. आगीत मीच तेल ओतलं असं मला झालं.

त्यानंतर एका सकाळी मी आंघोळ करून केस पुसत होते. मागच्या बाजूने तारलीचा वास आला. काशीच्या पडवीतून येतो तो मला ओळखू येतो. हा जवळून येत होता. मी तशीच ओल्या केसांनी गडग्यापाशी धावले.

मालिनीबाईंच्या मागच्या अंगणात, माडाखाली, तीन दगडांवर जर्मनचं नवं पातेलं चढलेलं. बाई नाकाला पदर बांधून पाटावर बसल्या होत्या आणि करवंटीच्या डावाने ढवळत होत्या. पलीकडे काशी विळीवर तारली साफ करत होती, कळशी विहिरीच्या काठावर तिची भरलेली. गोदा दोघींच्या मध्ये बसून पातेल्याकडे मान वर करून पाहत होती. मला वाटलं, मला पाहून बाई ओशाळतील. मीच एक पाऊल मागे घेतलं.

पण त्यांनी मला पाहिलं आणि पदरातूनच हाक मारली.

“हेमा, उभी काय राहिलीस? चारूला विचारून ये, यात मीठ घातलं तर चालतं का. अळणी कसं खाईल गो ती?”